डेस्कटॉपवर सारखी ब्लू स्क्रीन येतेय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

काम चालू असताना पडदा अचानक निळा होतो, इंग्रजीत चार ओळी येतात आणि कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतो. एकदा झालं तर सोडून द्यावं. आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागलं की माणूस कॅबिनेट उचलून जवळच्या दुकानात नेतो आणि तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "फॉरमॅट मारून घ्या, नवीन विंडोज टाकून देतो."

हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. दोष रॅममध्ये (चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीत) असेल तर नवीन विंडोजही त्याच रॅमवर चालणार, उलट खराब रॅममुळे इन्स्टॉल होतानाच फाइली बिघडू शकतात. त्याहून मोठं नुकसान असं की क्रॅशच्या वेळी विंडोजने स्वतः लिहून ठेवलेला पुरावा फॉरमॅटमध्ये पुसला जातो. मग पंधरा दिवसांनी पडदा पुन्हा निळा झाला की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो. म्हणून ज्यांनी कधी कॅबिनेटचं झाकणही उघडलेलं नाही, अशांसाठी हा लेख आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की फुकटची आणि बिनधोक कामं आधी येतील आणि खर्चाची शेवटी.

हा पडदा येतो तरी का

विंडोजचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. आपले नेहमीचे प्रोग्रॅम त्याच्या बाहेर चालतात, त्यामुळे ब्राउझर बिघडला तर फक्त ब्राउझर बंद पडतो. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांची गाठ घालून देणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र बहुतांशी कर्नलच्या आत चालतात. तिथे कुणी चुकीच्या जागची मेमरी वाचायला गेलं किंवा हार्डवेअरने भलतंच उत्तर दिलं, की पुढे चालू राहिल्यास डेटा खराब होण्याचा धोका असतो. म्हणून विंडोज मुद्दाम सगळं थांबवतं, कारणाचा कोड दाखवतं आणि त्या क्षणाची नोंद डिस्कवर लिहितं.

ड्रायव्हरची एक चूक काय करू शकते ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हरही कर्नलच्या आत चालतो; त्याच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन ब्लू स्क्रीनवर अडकली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. त्या मशीनचं हार्डवेअर ठणठणीत होतं. ती सदोष फाइल काढली की मशीन चालू होत होती.

विंडोज ११ वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०२५ मधल्या अपडेटनंतर हाच पडदा काळा दिसतो, रडका चेहरा आणि क्यूआर कोड त्यावर नसतो. खाली कोड असेल तर तो हाच प्रकार समजा.

पहिलं काम डेटा वाचवण्याचं

पुढचं काहीही करण्याआधी फोटो, हिशेबाच्या फाइली, प्रोजेक्ट, जे गेलं तर रडू येईल ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर काढा. क्रॅशचं कारण मरणारी डिस्क असू शकतं, आणि अशा डिस्कवर दुरुस्तीच्या कमांड चालवल्या तर ती त्यातच जाऊ शकते. मशीन तेवढा वेळही टिकत नसेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज चालवून, कॉपी करा. त्यासाठी शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करायचं, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४ दाबायचं. विंडोज सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा पडदा आपोआप उघडतो.

याच वेळी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना ते पाहून कागदावर लिहून ठेवा. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, हे अनेकांना माहीतच नसतं. रिकव्हरीत किंवा बायोस (विंडोजच्या आधी मशीन चालू करणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर ती की मागितली गेली आणि ती हाताशी नसेल, तर स्वतःचाच डेटा स्वतःला उघडता येत नाही.

आता पुरावा गोळा करा

स्टार्टमध्ये "ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज" शोधा. "स्टार्टअप अँड रिकव्हरी"च्या सेटिंग्जमध्ये "ऑटोमॅटिकली रिस्टार्ट"समोरची टिक काढा. यापुढे ब्लू स्क्रीन आली की ती पडद्यावर थांबून राहील आणि तुम्हाला मोबाइलने फोटो काढता येईल. फोटोत दोन गोष्टी हव्यात: "स्टॉप कोड" आणि, दिसत असेल तर, "व्हॉट फेल्ड"समोरचं फाइलचं नाव.

एक वही करा. त्यात तारीख, वेळ, कोड आणि त्या वेळी काय चालू होतं ते लिहा: गेम, व्हिडिओ कॉल, की नुसतं वर्ड. मशीन नुकतं चालू केलं होतं की दोन तास तापलं होतं, तेही लिहा. दुरुस्तीत खरा वेळ वाचवणारी गोष्ट कुठली असं विचाराल तर मी या वहीचं नाव घेईन.

झालेल्या क्रॅशची माहितीही मिळते. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" शोधा. दिवसागणिक आलेख दिसेल आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली. त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी कोणतं अपडेट, कोणता ड्रायव्हर आला हेही तिथेच दिसतं. नवख्यांसाठी विंडोजमध्ये याहून सोपं साधन नाही, आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं.

ब्लू स्क्रीन न दिसता मशीन झटकन बंद होत असेल तर तो वेगळा आजार आहे. "इव्हेंट व्ह्यूअर"मध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम असं जा. तिथे "बगचेक" १००१ अशी नोंद असेल तर खरी ब्लू स्क्रीन झाली होती. फक्त "कर्नल-पॉवर" ४१ असेल आणि त्यातला बगचेक कोड शून्य असेल, तर विंडोजला पुरावा लिहायलाही वेळ मिळाला नाही. अशा वेळी संशय वीज, यूपीएस आणि एसएमपीएसवर (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) घ्या. ड्रायव्हर उकरत बसू नका.

कोड कसे वाचायचे

एका कोडवरून दोषी ठरवता येत नाही, पण चार-पाच क्रॅशचे कोड शेजारी ठेवले की चित्र बोलू लागतं. प्रत्येक वेळी तोच कोड आणि तीच ड्रायव्हरची फाइल येत असेल तर बहुधा तो ड्रायव्हर किंवा त्याचं उपकरण दोषी आहे. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसराच असे कोड येत असतील तर पाया डळमळीत आहे, म्हणजे रॅम, वीजपुरवठा किंवा प्रोसेसर. या एका निरीक्षणावर अर्धं निदान होतं, म्हणूनच पहिल्या क्रॅशनंतर लगेच पार्ट बदलायला जाऊ नये.

"मेमरी मॅनेजमेंट" आणि "पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया" हे कोड रॅमकडे बोट दाखवतात, पण वाईट ड्रायव्हरमुळेही येतात. "आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल" यामागे बहुतेकदा ड्रायव्हर असतो. नेटवर्क कार्ड, वायफायचं यूएसबी डोंगल आणि अँटिव्हायरस आधी तपासा. "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" म्हणजे ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही: ड्रायव्हर, उष्णता किंवा कार्डाला अपुरी वीज. "क्रिटिकल प्रोसेस डाइड" आणि "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" आले की डिस्क आणि विंडोजच्या फाइली बघा. "व्हिया अनकरेक्टेबल एरर" हा मात्र प्रोसेसरने स्वतः केलेला हार्डवेअरचा अहवाल असतो. तो सारखा येत असेल तर विंडोज पुन्हा टाकून सहसा काहीही साधत नाही.

थोडं खोलात जायचं असेल तर सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात "मिनीडम्प" नावाचं फोल्डर असतं. प्रत्येक क्रॅशची छोटी फाइल तिथे पडते. "ब्लूस्क्रीनव्ह्यू" हे मोफत साधन ती उघडून कोणता ड्रायव्हर सापडला ते दाखवतं. मायक्रोसॉफ्टचं "विनडीबीजी"ही मोफत आहे आणि जास्त भरवशाचं. तिथे "एनटीओएसकर्नल" हे नाव वारंवार दिसेल. ती विंडोजच्या गाभ्याचीच फाइल आहे, तिच्या नावावर विसंबून लगेच विंडोजला दोष देऊ नका. तिने फक्त चूक पकडलेली असते. आणि डिस्क साफ करणारे "क्लीनर" प्रोग्रॅम सध्या चालवू नका. ते या फाइली कचरा समजून उडवतात.

सॉफ्टवेअरची बाजू

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हे सुरू होण्याआधी काय बदललं? नवा प्रिंटर, नवा अँटिव्हायरस, विंडोज अपडेट, की घर? पुण्यात भाड्याच्या घराचा करार ११ महिन्यांचा असतो आणि दरवर्षी टेम्पोतून सामान हलतं. त्या प्रवासात ग्राफिक्स कार्ड किंवा रॅम जागेवरून किंचित हलणं अगदी नेहमीचं आहे. शिफ्टिंगनंतर क्रॅश सुरू झाले असतील तर हा भाग सोडून सरळ कॅबिनेट उघडा.

ड्रायव्हरवर संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर" करून पाहा. ते बटण फिकट असेल तर ड्रायव्हर काढून, मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा टाका. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" करणाऱ्या प्रोग्रॅमपासून लांब राहा. असे प्रोग्रॅम भलताच ड्रायव्हर बसवून ठेवतात. फुकटात विंडोज ॲक्टिव्हेट करणारे क्रॅक आणि दोन-दोन अँटिव्हायरस हेही काढून टाका. पेठांमधल्या डीटीपी करणाऱ्यांकडे जुन्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) असतं. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर क्रॅश सुरू झाले असतील तर त्या डोंगलचा नवा ड्रायव्हर आधी मिळवा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे असे बरेच जण सध्या या वाटेवर आहेत.

मग विंडोजच्या फाइली तपासा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि आधी ही कमांड द्या: DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth ती पूर्ण झाल्यावर दुसरी: sfc /scannow क्रम हाच ठेवा, कारण दुसरी कमांड ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेते तो साठा पहिली दुरुस्त करते.

"ड्रायव्हर व्हेरिफायर" नावाचं साधन वापरायचा सल्ला कुणी देईल. ते मुद्दाम क्रॅश घडवून दोषी ड्रायव्हर पकडतं. सेफ मोडमधून ते बंद करता येत नसेल तर त्याला हात लावू नका.

डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणारं "क्रिस्टलडिस्कइन्फो" हे मोफत साधन उघडा. "गुड" दिसलं तर पुढे चला. "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं, आणि हार्ड डिस्कच्या बाबतीत रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कवरच्या बिघडलेल्या किंवा संशयित जागांचा) आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलायची. त्यावर दुरुस्ती नाही. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल मात्र एकदा बदलून पाहा, ती स्वस्त आहे आणि सैल केबलमुळेही डिस्क मधेच गायब होते.

रॅम

इथे घाई करू नका. बदलत्या कोडच्या क्रॅशमध्ये सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हीच निघते.

बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर आधी ते बंद करा. ती रॅम ठरलेल्या मूळ वेगापेक्षा जास्त पळवण्याची सोय आहे आणि सगळ्या प्रोसेसर-मदरबोर्डांना ती झेपत नाही. एवढ्याने क्रॅश थांबले तर रॅम फेकू नका. बायोस अपडेट करून पुन्हा पाहा, नाहीतर थोड्या कमी वेगावर समाधान माना.

मग कॅबिनेट उघडा. स्विच बंद, वायर काढलेली, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज संपवलेली, आणि हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावलेला. रॅम दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून सरळ वर काढा. पावसाळ्यात दमट हवेने तिच्या सोनेरी दातांवर थर बसतो. आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत आहे आणि ती चालतेही, पण पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने वापरा आणि चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड मिळालं तर ते जास्त चांगलं. बसवताना क्लिप "टक्" आवाज करून बंद झाली पाहिजे.

आता चाचणी. विंडोजची स्वतःची "मेमरी डायग्नोस्टिक" चालवता येते, पण तिने "दोष नाही" म्हटलं म्हणून मी रॅमला सोडत नाही. पेनड्राइव्हवर "मेमटेस्ट८६" टाकून त्यावरून मशीन चालू करा आणि चाचणीचे चारही पास (फेऱ्या) होऊ द्या. १६ जीबी रॅमला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. एक जरी एरर आली तरी ती नापास, "एकच तर आहे" असं म्हणायचं नाही. एरर आली तर रॅमची एकेक स्टिक (पट्टी) एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट त्यासाठी योग्य असतो. प्रत्येक स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास झाली तर दोष स्लॉटचा, बोर्डाचा किंवा प्रोसेसरचा आहे. दोष रॅमचाच निघाला तर बिल शोधा, कारण अनेक कंपन्या रॅमवर बऱ्याच वर्षांची वॉरंटी देतात. पार्ट घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्यायचं ते याचसाठी.

उष्णता, धूळ आणि वीज

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि बांधकामांची बारीक धूळ वर्षभर घरात येते. क्रॅश दुपारी होतात, सकाळी होत नाहीत, असं वहीत दिसलं तर "एचडब्ल्यूइन्फो" या मोफत साधनात तापमान पाहा. भार असताना प्रोसेसर ८०-८५ अंशांपर्यंत गेला तर काळजी नाही. सतत ९० च्या वर राहत असेल तर कूलर तपासा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर मात्र ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कूलर काढला तर प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावलीच पाहिजे. पेस्ट, मदरबोर्डवरचा सीमॉसचा सेल, साटा केबल असल्या किरकोळ वस्तूंसाठी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चक्कर मारावी.

विजेचं म्हणाल तर कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर माझा अजिबात विश्वास नाही. लेबलवरचे वॅट आणि प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांत बरंच अंतर असतं, आणि नवं ग्राफिक्स कार्ड लावल्यावर ते उघडं पडतं. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ एवढीच मुभा असते. सॉफ्टवेअरमधला आकडा भरवशाचा नसतो, खरी परीक्षा म्हणजे मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहते. जुन्या वाड्यातल्या घरात कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते काम आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तो आधी तुमच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

प्रोसेसर आणि बायोस

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर हे वाचाच. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की जादा व्होल्टेजमुळे यातले काही प्रोसेसर कालांतराने अस्थिर होतात. त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोस अपडेटमधून देण्यात आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून निघत नाही. गेम चालू होताच क्रॅश, व्हिडिओ मेमरी संपल्याचा खोटा संदेश, अशी लक्षणं अपडेटनंतरही राहिली तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा.

बायोस अपडेट अर्ध्यात थांबलं तर मदरबोर्ड जाऊ शकतो. म्हणून यूपीएस लावून करा, आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा, आणि पुण्यात देखभालीसाठी लाइट जायचा वार गुरुवार असतो, तो दिवस टाळा.

एका वेळी एकच बदल

हे सगळं करताना मोह होतो की रॅम साफ करू, ड्रायव्हर बदलू आणि बायोसही अपडेट करू. मग क्रॅश थांबले तरी कशाने ते कळत नाही, आणि पुन्हा सुरू झाले तर हातात काहीच नसतं. एक बदल करा, वहीत लिहा, आणि आधी दोन क्रॅशमध्ये जेवढं अंतर पडत होतं त्याच्या दुप्पट-तिप्पट दिवस थांबा.

दुकानात जायची वेळ आली तर

वही आणि फोटो सोबत न्या. कॅबिनेट देण्याआधी रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्डाच्या सीरियल नंबरचे फोटो काढा. "मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका आणि बदललेला पार्ट परत द्या" हे पावतीवर लिहून घ्या. चांगला कारागीर याला कधीच नाही म्हणत नाही.

फॉरमॅट करायचाच ठरला तर डेटाची डिस्क काढून ठेवा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून बनवलेल्या पेनड्राइव्हने विंडोज टाका. त्यानंतर लगेच जुने प्रोग्रॅम चढवू नका. फक्त विंडोज अपडेटमधून येणारे ड्रायव्हर घेऊन दोन-तीन दिवस मशीन वापरा, मग एकेक प्रोग्रॅम टाकत जा. त्या कोऱ्या विंडोजवरही पडदा निळा झाला, किंवा विंडोज टाकतानाच झाला, तर बिघाड जवळजवळ नक्की हार्डवेअरचा आहे. दुकानदाराला तसं सांगा आणि पुन्हा फॉरमॅटचे पैसे देऊ नका.